बॉल एकच आहे रे, वाटणी आधी कर

पत्र असं आहे:

"दादा, मी फोंड्याचा, वय २८, वेर्ण्याला कंपनीत कामाला. बास्केटबॉलचं वेड हायर सेकंडरीपासून. एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये, फिनिक्स सन्सचा फॅन. त्यांच्या घरच्या मॅचेस आपल्याकडे सकाळी साडेसातला लागतात, म्हणजे कंपनीच्या बसमध्ये पहिला हाफ बघतो आणि गेटवर मोबाइल जमा केला की दुसरा हाफ गेला. २०२१ ला फायनलला गेलेली टीम माझ्या डोळ्यांसमोर वाढली आणि डोळ्यांसमोरच मोडली. बुकर, ड्युरंट, बील एकत्र आले तेव्हा मी खात्यात पेढे वाटलेले, खरंच सांगतो. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. आता ट्रेडची, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची, बातमी दिसली की पोटात गोळा येतो.

पण खरी गोष्ट दुसरीच. आमची पण एक टीम आहे, आठ जण, सगळे जुने दोस्त. गेल्या वर्षी मी कॅप्टन म्हणून दोन बाहेरचे मुलगे आणले, एक सहा फूट चार इंच, दुसरा शूटर, कुठूनही टाकतो. सगळे म्हणाले कप आपलाच. पहिल्याच राउंडला बाहेर पडलो. आता जुने जुन्यांना पास देतात, नवे एकमेकांना. माझा सगळ्यात जवळचा दोस्त पहिल्या पाचातून बेंचवर गेला आणि एक दिवस व्हॉट्सॲप ग्रुप सोडून गेला, एक शब्द न बोलता. दसऱ्यानंतर परत टूर्नामेंट आहे. नव्या दोघांना काढू का? गेलेली केमिस्ट्री परत येते का? का मीच कॅप्टनपद सोडू? – सन्सवाला"

सन्सवाल्या,

पेढ्यांचं वाचून हसू नाही आलं मरे, कारण बील आला त्या जूनमध्ये मी पण छाती ठोकून सांगत फिरत होतो की आता वेस्टमधून फायनलला दुसरं कोण येत नाही, आणि ज्यांना सांगितलं ते अजून मला भेटले की बोटांवर मोजून दाखवतात, एक, दोन, तीन, चार. २०२४ च्या प्लेऑफमध्ये पहिल्याच राउंडला मिनेसोटाने चार-शून्य धुतलं ना, ते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुला वाटतं दोन गोष्टी विचारल्यास, एक फिनिक्सची आणि एक फोंड्याची, पण दुखणं एकच आहे. फिनिक्सचं आधी घेऊ, ते लांबचं आहे म्हणून नीट दिसतं.

२०१८-१९ ला हीच टीम ८२ पैकी १९ मॅचेस जिंकलेली. बुकर तेव्हाही होता. अरे त्याच्या दोन वर्षं आधी, २०१७ च्या मार्चमध्ये, याच बुकरने बॉस्टनमध्ये ७० पॉइंट मारले आणि टीम हरली. एकट्याचे सत्तर आणि तरी हार! मग २०२० च्या नोव्हेंबरात क्रिस पॉल आला, त्याच सीझनला फायनल, मिलवॉकीच्या २-० पुढे होते, मग सलग चार हरले ते सोड, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ६४ विजय, सन्सचा आजवरचा रेकॉर्ड. आता त्या पाच जणांकडे बघ. पॉल बॉल सांभाळणार आणि सगळ्यांवर ओरडणार. बुकर स्कोर करणार. एटन आत स्क्रीन लावणार, म्हणजे आपल्या माणसाला मोकळा करायला समोरच्याच्या वाटेत उभा राहणार, आणि चुकलेल्या शॉटचा रिबाउंड घेणार. ब्रिजेस समोरच्या टीमच्या सगळ्यात डेंजर माणसाच्या मागे लागणार. क्राउडर कोपऱ्यातून थ्री, म्हणजे तीन पॉइंटचा शॉट, मारणार आणि मधेच कोणाशी तरी भांडण काढणार. पाच माणसं, पाच कामं, कोणाचं काम दुसऱ्याच्या कामावर चढत नव्हतं.

फेब्रुवारी २०२३ ला ड्युरंट आला. बदल्यात ब्रिजेस, क्राउडर, बेंचवरून शूटिंग करणारा कॅम जॉन्सन आणि वर चार फर्स्ट राउंड पिक, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) पहिल्या फेरीचे हक्क, गेले. जूनमध्ये पॉल देऊन बील आणला. सप्टेंबरात एटन गेला, नर्किच आला. म्हणजे आत उभं राहणारा एक तेवढा बदलून मिळाला, बाकी बॉल सांभाळणारा गेला, पकडणारा गेला, कोपऱ्यातला गेला, आणि आले कोण तर बुकरचंच काम करणारे अजून दोन. तिघेही मस्त. तिघांनाही बॉल हातात लागतो, तिघांनाही साधारण त्याच जागेवरून, फ्री थ्रो लाइनच्या आसपासून उडी मारून शॉट आवडतो. एकाच किचनमध्ये तीन आचारी आणि तिघेही फिश करीवाले, भात कोण लावणार?

मग म्हणशील, भात लावणारे नंतर आणायचे. इथेच पैशाची गोम आहे आणि ती फॅन लोकांना कंटाळवाणी वाटते म्हणून कोणी बघत नाही. २०२३ च्या नव्या करारात एनबीएने टीमच्या एकूण पगारावर अजून एक रेषा मारली, सेकंड एप्रन म्हणतात तिला. ती ओलांडलीस की हात बांधले जातात: दोन-तीन खेळाडूंचे पगार एकत्र करून ट्रेडमध्ये एक मोठा आणता येत नाही, मधल्या पगाराचा माणूस घ्यायची जी सोय असते ती पण बंद. उरले कोण, मिनिमम पगारावर येतील ते. तिघांचे पगार इतके मोठे की सन्स त्या रेषेच्या वर जाऊन बसले, आणि बीलच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये तर त्याच्या मर्जीशिवाय त्याला ट्रेडच करता येणार नाही असं कलम. दुरुस्ती करायला जागाच ठेवली नव्हती रे. घर बांधलं आणि दरवाजा आतून सिमेंटने बंद केला, तसं. २०२४-२५ ला ३६-४६, प्लेऑफच नाही. शेवटी २०२५ च्या उन्हाळ्यात बीलला पैसे देऊन मोकळं केलं, त्याचे वर्षाला सुमारे १९ मिलियन डॉलर तिथून पुढे पाच वर्षं सन्सच्या वहीत चढत राहणार आणि तो खेळायला गेला क्लिपर्सकडे. ड्युरंट ह्यूस्टनला. त्याच्या बदल्यात जे आलं त्यात ड्राफ्टचा दहावा नंबर होता, आणि तो नंबर म्हणजे कोणाचा तर मुळात सन्सचाच, ड्युरंटसाठी दिलेल्या पिकांमधला, ब्रुकलिनवरून ह्यूस्टनला गेलेला. आपलंच आंब्याचं झाड विकायचं आणि दोन वर्षांनी त्याच झाडाचे आंबे बाजारातून विकत आणायचे.

या सगळ्यात कोण कोणाशी भांडलं? तसं मोठं काहीच नाही. ती माणसं एकमेकांना नावडती होती म्हणून मोडली असं मला तरी वाटत नाही. आणि हेच तुला सांगायचंय. तू पत्रात लिहिलंस "गेलेली केमिस्ट्री", जशी काय ती अत्तराची बाटली होती आणि उडून गेली. टीमची यादी बनवतानाच ती बनते किंवा बिघडते. कोणाला किती मिनिटं, बॉल कोणाच्या हातात, आणि बॉल हातात नसताना कोणी काय करायचं, एवढी वाटणी नीट झाली की जे दिसतं त्याला आपण बाहेरून केमिस्ट्री म्हणतो. दोस्ती असली तर चांगलंच, नसली तरी चालतं. लेकर्सच्या शॅक आणि कोबी यांचं पटत नव्हतं हे अख्ख्या जगाला माहीत होतं आणि २०००, २००१, २००२, तीन टायटल मारली त्यांनी. मग २००३ ला त्यांच्याबरोबर कार्ल मलोन आणि गॅरी पेटन पण आले, चार-चार मोठी नावं, आणि २००४ च्या फायनलला डेट्रॉइटने ४-१ ने घरी पाठवलं. त्या डेट्रॉइटमध्ये रशीद वॉलेस होता, एका सीझनमध्ये ४१ टेक्निकल फाउल, म्हणजे वाद घातल्याचे, गैरवागणुकीचे फाउल, घेतलेला माणूस, त्याला काय सुस्वभावी म्हणणार कोण! आणि तो आला कधी? फेब्रुवारीत. जूनमध्ये चॅम्पियन. चार महिन्यांत बाहेरचा माणूस आतला झाला, कारण त्या टीममध्ये उंच, बाहेरून पण शॉट मारू शकणारा माणूस हवाच होता, जागा रिकामी होती, तो येऊन त्या जागेवर बसला.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नव्या दोघांना काढू नकोस. त्यांचा गुन्हा काय? तू बोलावलंस म्हणून आले.

आता एक आमच्या वाड्यावरची गोष्ट. गणेश चवथीला आरतीला आमच्याकडे सात घुमटं (मातीच्या मडक्याची वाद्यं), एक शामेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल), एक कासाळं (मोठी झांज), वर्षानुवर्षं असंच. एका वर्षी शेजाऱ्यांचा पाहुणा आला, शामेळ काय वाजवायचा, हात दिसत नव्हते. लोकांनी हौसेने दुसरं शामेळ आणून त्याच्या पुढ्यात ठेवलं. दोन कडवी ठीक गेली. तिसऱ्याला पाहुण्याने लय चढवली, आमचा शामेळवाला आपल्या चालीवर ठाम, घुमटवाले अर्धे इकडे अर्धे तिकडे, आणि मी बघत होतो तो कासाळंवाल्या काकांकडे, ते हात वर धरून थांबलेले, एकदा याच्याकडे बघतात एकदा त्याच्याकडे, आपटायचं कधी तेच कळेना. शेवटी त्यांनी कासाळं खाली ठेवलं आणि चहा प्यायला आत गेले. सगळे म्हणाले काका रुसले. रुसले कसले, त्यांना काम राहिलं नव्हतं.

तुझा दोस्त तो कासाळंवाला आहे. तू त्याच्याबद्दल पत्रात दीड ओळ लिहिलीस, पण मी पैजेवर सांगतो की तो स्क्रीन लावणारा, लूज बॉलवर सिमेंटच्या कोर्टावर गुडघे सोलून घेणारा, समोरच्या बेस्ट माणसाला पकडणारा असणार. असले लोक स्कोरशीटवर दिसत नाहीत म्हणून सगळ्यात आधी यांनाच बेंचवर बसवतात. सन्सनी ब्रिजेसला दिलं तेव्हा तेच झालं, तोवर करिअरमध्ये एक मॅच न चुकवलेला माणूस.

आणि मी हे शहाणपण पुस्तकातून सांगत नाही. कॉलेजात असताना मी कॅप्टन होतो आणि मी पण एक शूटर आणलेला, आणि ज्याला खाली बसवायचं होतं त्याला सांगायची मला हिंमत झाली नाही. तोंडावर कसं सांगणार, रोज एकाच स्कूटरवर जायचो आम्ही. मॅचच्या दिवशी टेबलावर स्कोररकडे मी यादी दिली आणि तो पाणी प्यायला तिथे आलेला, त्याने ती उलटी वाचली, टेबलाच्या पलीकडून. काही बोलला नाही. वॉर्मअप पूर्ण केला, बेंचवर शर्ट गळ्यापर्यंत ओढून बसला. आजही चवथीच्या आधी बाणस्तारीला माटोळीच्या (गणपतीच्या वर बांधायच्या फळांच्या) बाजारात भेटतो, मस्त बोलतो, घरच्यांची चौकशी करतो, पण बास्केटबॉलचा विषय काढला की "नारळ बघ रे काय महाग केलेत" म्हणून पुढे सरकतो. ही माझी चूक आहे, त्या शूटरची नाही, बेंचची पण नाही. खाली बसवल्याचं दुःख माणूस पचवतो, यादी उलटी वाचायला लावल्याचं नाही पचवत.

बेंचचंच म्हणशील तर इगुओडाला बघ. गोल्डन स्टेटला २०१४ ला स्टीव्ह कर कोच म्हणून आला आणि तोवरच्या करिअरमधली प्रत्येक मॅच सुरुवातीपासून खेळलेल्या या माणसाला त्याने सीझनच्या आधी बेंचवरून यायला सांगितलं. त्याला आनंद झाला असेल असं नाही, पण आधी सांगितलं आणि काय करायचं ते पण सांगितलं. फायनलला चौथ्या मॅचपासून त्याला परत पहिल्या पाचात घेतलं आणि फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सगळ्यात मोलाचा खेळाडू, तोच झाला.

आता कागद घे. हसू नकोस, खरोखरचा कागद घे. आपल्याकडे मॅच ४० मिनिटांची, कोर्टावर पाच जण, म्हणजे वाटायला २०० मिनिटं. तुम्ही दहा जण. सरळ वाटलीस तर प्रत्येकी २०, पण तशी कोणी वाटत नाही. पहिल्या पाचांना २७-२७ दिलीस तर १३५ गेली, उरली ६५, पाच जणांना १३-१३. हा हिशेब तू कधी केलायस? मला वाटत नाही, कारण मीही केला नव्हता. आपण नावं लिहितो, मिनिटं लिहीत नाही, आणि मग मॅचमध्ये ज्याचा चेहरा जास्त उतरला त्याला आत पाठवतो. त्यापेक्षा प्रत्येकाच्या नावापुढे दोन गोष्टी लिही, किती मिनिटं आणि कोणतं काम, आणि काम म्हणजे "चांगला खेळ" असलं नाही तर "त्यांचा सात नंबर तुझा, तो झोपला पाहिजे" असलं. ज्या माणसाच्या नावापुढे तुला काम सुचत नाही तिथे तुझी यादी चुकलीय. आणि एकाच कामासमोर तीन नावं आली तर तिथे फिनिक्स झालंय, समजून जा.

तुझ्या शूटरला कोणी विचारलं का, बॉल तुला कुठे पाहिजे? उजव्या कोपऱ्यात पाहिजे की वर? तो "कुठूनही टाकतो" म्हणजे त्याला बॉल त्याच्या जागेवर कोणी देत नाही, मिळेल तिथून मारतो बिचारा. आणि तो सहा फूट चारचा मुलगा, तुमच्यात त्याला बॉल वरून देणारा कोण आहे? कोणी नसेल तर तो नुसता कोर्टाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावतोय, सहा फेऱ्या धावेल, सातव्या फेरीला चालत येईल, आणि तुम्ही म्हणणार आळशी आहे.

प्रॅक्टिसमध्ये एक गोष्ट ताबडतोब बंद कर, जुने एका बाजूला आणि नवे दुसऱ्या बाजूला असं खेळणं. मला माहीत आहे तसंच होत असणार, कारण जे आधी येतात ते एकत्र येतात. दोन्ही नव्यांना वेगवेगळ्या बाजूंना टाक. आणि रोज पंधरा मिनिटं ड्रिबल बंद, फक्त पास, आणि बास्केट झाली की दोन पॉइंट मारणाऱ्याला आणि एक पॉइंट त्याच्यासाठी स्क्रीन लावणाऱ्याला. पहिल्या दिवशी शिव्या घालतील. आठवड्याने बघ, स्क्रीन लावायला मारामारी होते, मी पोरांवर करून बघितलंय. पाऊस आहे, कोर्ट शेवाळलेलं असेल तर हेच चालत-चालत करा, पाय मोडून घेऊ नका, चालत केलं तरी कोण कुठे उभा राहतो ते डोक्यात बसतं, उलट जास्त बसतं.

कॅप्टनपद सोडायचं काय, ते टूर्नामेंट झाल्यावर बघ. आता सोडलंस तर ज्याच्या गळ्यात पडेल त्याला तुझी यादी आणि तुझी भांडणं दोन्ही मिळतील.

राहिलं पोटातल्या गोळ्याचं. तो जाणार नाही, फॅनच्या पोटात तो असतोच. पण ट्रेडची बातमी आली की कोण आला हे बघायच्या आधी गेला त्याचं काम काय होतं ते बघ, आणि ते काम आता कोण करणार. याचं उत्तर अर्ध्या मिनिटात मिळालं नाही तर घाबर, मिळालं तर चहा पी. आणि बसमध्ये बघतोस तेव्हा एक हाफ बॉलकडे बघूच नकोस, ज्यांच्या हातात बॉल नाही त्यांच्याकडे बघ, कोण कापतोय, कोण कमरेवर हात ठेवून उभा आहे, टाइमआउटला बेंचवरून उठून पुढे कोण येतो. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या काही संशोधकांनी एनबीएच्या २००८-०९ च्या सीझनच्या सुरुवातीच्या मॅचेस घेऊन खेळाडू एकमेकांना किती वेळा हात लावतात, टाळी, खांद्यावर थाप, मिठी, असलं मोजलं, आणि जास्त लावणाऱ्या टीम पुढे चांगल्या खेळल्या असं २०१० ला छापलं. आता टाळ्या दिल्या म्हणून कोणी जिंकत नाही, नाहीतर आपल्या इथले सगळे चॅम्पियन झाले असते, पण पास मिळालेला माणूस टाळी देतो हे खरं, म्हणून त्या दिसतात का बघ. पहिल्या हाफमध्येच कळतं, मोबाइल जमा करायच्या आधी.

आणि त्या दोस्ताला ग्रुपमध्ये परत ॲड करू नकोस, आधी भेट. "सॉरी, परत ये" एवढंच घेऊन जाऊ नकोस, तो कागद घेऊन जा, त्याच्या नावापुढे १३ लिहिले असतील तर १३ दाखव, खोटे २५ लिहून नेऊ नकोस, आणि काम काय ते सांग. चिडेल. चिडू दे, तुझ्यासमोर चिडेल. चवथीला त्याच्या घरी आरतीला दरवर्षी जातच असशील, पण तोपर्यंत थांबू नकोस, त्या दिवशी तिथे तीस जण असतील आणि तुम्ही दोघं घुमटाच्या आवाजात एकमेकांना "काय रे, बरा आहेस ना" म्हणून सुटाल. या आठवड्यात जा, संध्याकाळी, एकटा. त्याची आई नेवऱ्या (करंज्या) करायला बसली असेल तर दोन मिळतील पण.